ब्राऊन शुगरवरचे उपचार: इंदूरमध्ये आम्हाला आलेला खर्च

मंदारच्या उपचारांना या एप्रिलमध्ये दोन वर्षं झाली. मंदार माझा धाकटा भाऊ. नाव अर्थातच बदललं आहे. तो पावडर, म्हणजे ब्राऊन शुगर (अफूपासून बनणारं कच्चं हेरॉइन) ओढत होता. सुरुवातीच्या दिवसांत मी रात्र रात्र मोबाइलवर माहिती शोधायचे. 'गॅरंटीने नशामुक्ती' अशा जाहिराती भरपूर सापडायच्या, पण पैसे किती लागतात, रजा किती जातात, किती वर्षं धरून चालायचं, हे मराठीत कोणी लिहिलेलं दिसलं नाही. मी एका पतसंस्थेत हिशेब सांभाळते, त्यामुळे घरचाही प्रत्येक रुपया वहीत आहे. त्यातलेच आकडे इथे देते आहे. ते आमच्या घरचे आहेत, तुमच्याकडे कमीजास्त होतील.

आम्हाला कळलं ते २०२२ च्या दिवाळीच्या सुमारास. आई म्हणत होती की पोळ्या बांधायची फॉइल हल्ली पुरत नाही. मग मंदारच्या बॅगेत फॉइलचे काळे डाग पडलेले तुकडे आणि नोटेची नळी सापडली. फॉइलवर पावडर तापवून तिचा धूर ओढायचा, याला त्याच्या मित्रांत 'पन्नी' म्हणतात. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, राजवाड्याजवळच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात अकरा हजारांवर काम करत होता आणि रोज पाच-सहाशेची पुडी ओढत होता. उरलेले पैसे कुठून येत होते ते इथे लिहीत नाही. ज्यांच्या घरात हे आहे त्यांना ते माहीत असतं.

बाबांच्या ओळखीतून शहराबाहेरचं एक खाजगी केंद्र मिळालं. प्रवेशाचे वीस हजार आणि महिन्याचे बारा हजार, किमान तीन महिने. कपडे-साबण वगैरे धरून साठ हजारांच्या आसपास गेले. नोव्हेंबरच्या शेवटी त्याला तिथे सोडलं. पहिला महिना भेट नाही, फोन नाही. तोड, म्हणजे नशा उतरल्यावर होणारा त्रास, त्याने तिथे औषधाशिवाय काढली: उलट्या, जुलाब, हाडं पिळवटल्यासारखी दुखणं, आठवडाभर झोप नाही. दुसऱ्या महिन्यात भेटायला गेलो तेव्हा त्याचं डोकं भादरलेलं होतं. आई तिथेच खाली बसली. मला नंतर समजलं की २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात सक्तीने मुंडण करायला स्पष्ट मनाई आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत नशेमुळे होणारे आजारही येतात. तुमच्या माणसाला कुठे ठेवणार असाल तर आधी विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, तिथे मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, आणि ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे या व्यसनावरचं दीर्घकाळ घ्यायचं औषध, देतात का. या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून केंद्राबद्दल बरंच कळतं.

फेब्रुवारीच्या अखेरीस मंदार घरी आला. वजन वाढलं होतं, चेहऱ्यावर तजेला होता, आईने पुरणपोळी केली. दोन आठवडे चांगले गेले. मग एका संध्याकाळी बाथरूमचं दार आतून बंद होतं आणि हाकेला ओ येईना. बाबांनी आणि शेजारच्या काकांनी दार तोडलं. ओठ निळे पडले होते आणि श्वास इतका थांबून थांबून येत होता की मी दोन श्वासांच्या मधे आकडे मोजत होते. जवळच्या खाजगी रुग्णालयात नेलं. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बघितल्या आणि नॅलोक्सोनचं, म्हणजे या नशेचा असर तोडणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन दिलं. मिनिट-दोन मिनिटांत त्याने खोल श्वास घेतला. पण या औषधाचा असर तासा-दीड तासात ओसरू शकतो आणि नशेचा त्याहून जास्त टिकतो, म्हणून रात्रभर आयसीयूत ठेवणं भाग होतं.

त्या रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते केंद्रात तीन महिन्यांत कोणीही सांगितलं नव्हतं. नशा बंद राहिली की शरीराची सवय मोडते. माणूस पुन्हा वळला की आधीच्याच मापाने घेतो, आणि तेच माप आता जीवघेणं ठरतं. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात. कृपा करून हे वाक्य लक्षात ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा.

आयसीयूचं बिल चौतीस हजार झालं. प्रकरण विषबाधेत मोडतं म्हणून रुग्णालयाने एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, केली आणि सकाळी पोलीस चौकीतून जबाब घ्यायला माणूस आला. आम्ही घाबरून गेलो होतो. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम २७ खाली नशा करणं हाही गुन्हा आहे. पण त्याच कायद्यात कलम ६४-ए आहे: व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले तर नशा करण्याच्या आणि अल्प प्रमाणातल्या अमली पदार्थाच्या गुन्ह्यांत त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येतं. ओळखीच्या वकीलकाकांनी हे समजावल्यावर बाबा त्या दिवशी पहिल्यांदा जेवले. आमच्यावर पुढे काही कारवाई झाली नाही.

मेडिक्लेमचं मात्र जमलं नाही. बाबांच्या फॅमिली पॉलिसीत मंदारचं नाव होतं. क्लेम टाकला, तीन आठवडे कागद मागत राहिले, मग नकाराचं पत्र आलं. त्यावर 'एक्सक्लूजन कोड १२' लिहिलं होतं. विमा नियामकाने २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखे अपवाद ठरवून दिले, त्यात दारू, नशा आणि त्यांचे परिणाम यांवरचा खर्च हा बारावा. तुमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत तो शोधा. असेल तर त्या पैशांच्या भरवशावर राहू नका.

मार्चपर्यंत आमचे लाखाच्या जवळपास पैसे गेले होते आणि मंदार पुन्हा रोज पन्नी ओढत होता.

मग मी १४४४६ या राष्ट्रीय नशामुक्ती हेल्पलाइनवर फोन केला. फोन मोफत आहे. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन ठिकाणं सांगितली. पहिलं एड्स नियंत्रण कार्यक्रमाखालचं ओएसटी केंद्र, म्हणजे नशेच्या जागी औषध देऊन उपचार करणारं केंद्र होतं. तिथे औषध मोफत आणि समोर बसवून देतात, पण ती सोय सुईने नशा करणाऱ्यांसाठी आहे. मंदारने कधी सुई घेतली नव्हती, म्हणून नाव नोंदवता आलं नाही. तिथला काउन्सेलर चांगला होता. तो म्हणाला, "ताई, सुई नाही हे बरंच आहे. तुम्ही सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा, मंगळवारी मॅडम असतात." त्याने मॅडमच्या नावाने चिठ्ठीही दिली.

ओपीडीत सकाळी आठला रांग लावली. दहा रुपयांची पर्ची, आधार कार्डाची झेरॉक्स, दोन फोटो. आमचा नंबर लागायला साडेअकरा झाले. बाकावर आमच्या शेजारी मंदसौरकडचे एक शेतकरी आजोबा बसले होते, नातवाला डोड्याची, म्हणजे अफूच्या बोंडाच्या सालीची सवय लागली होती म्हणून आलेले. मंदसौर, नीमच, रतलाम हा सरकारी परवान्यावर अफू पिकवणारा भाग. आपल्या माळव्याला अफू काही नवी नाही, होळकरांच्या काळात इंदूर हे तिच्या व्यापाराचं मोठं ठाणं होतं. तरी मराठी घरांमध्ये हा विषय निघाला की आवाज खाली जातात. २०१९ मध्ये एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीत देशात अफू आणि तिच्या जातीच्या नशा करणारे सुमारे सव्वादोन कोटी लोक आढळले होते. एवढ्यांत आपली माणसं नसतील असं कसं होईल?

मॅडमनी मंदारशी एकट्याशी बराच वेळ बोलून मग आम्हाला आत घेतलं. त्यांनी सरळ सांगितलं की तोड काढणं हा उपचाराचा छोटा भाग आहे, आणि नुसतं तेवढंच केलं तर बहुतेक जण परत वळतात. जागतिक आरोग्य संघटनेची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वं असोत की एम्सच्या गाझियाबादच्या केंद्रातून आलेल्या पुस्तिका असोत, भर दीर्घकाळ औषध देण्यावर आहे. औषध म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन, नॅलोक्सोनबरोबर एकत्र केलेली गोळी. जिभेखाली ठेवली की ब्युप्रेनॉर्फिन लागू पडतं. कोणी ती विरघळवून सुईने टोचली तर नॅलोक्सोन आड येतं. बाबांनी विचारलं, "किती दिवस?" मॅडम म्हणाल्या, "दिवसांत मोजू नका, काका. वर्षांत मोजा."

बाबा बाहेर आल्यावर खूप चिडले. एक नशा सोडवून दुसरी लावणार का, असं त्यांचं म्हणणं. नातेवाइकांनीही नंतर हेच ऐकवलं, एका आत्याने तर लग्नाच्या मांडवात. मला यावर ठामपणे सांगायचं आहे. या गोळीवर मंदार डुलत नाही, चोरी करत नाही, कामावर जातो, आईशी बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ पासून हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत ठेवलं आहे. ते चालू असताना मरणाचा धोका खूप कमी होतो, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. बाथरूमचं दार तोडल्यानंतर मला याहून मोठं कारण नको होतं.

आधी तपासण्या. यकृताची तपासणी, हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही. एचआयव्हीची तपासणी तिथल्याच आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) मोफत झाली, समुपदेशनासह. यकृताच्या तपासणीचं यंत्र बंद होतं म्हणून बाहेर सहाशे रुपये दिले. लघवीच्या चाचणीचं किट संपलं होतं, तेही बाहेरून साडेसातशेला आणलं. एक सूचना: अफूजन्य पदार्थांसाठी जी साधी पट्टी असते तिच्यात ब्युप्रेनॉर्फिन दिसत नाही, त्याची पट्टी वेगळी असते. गोळी खरंच घेतली जाते आहे का हे बघायचं असेल तर दुकानात तशी स्पष्ट मागणी करा.

गोळी सुरू करायचा दिवस नीट सांगते, कारण त्याची आम्हाला सगळ्यात जास्त भीती होती. अट अशी की तोड पुरेशी लागल्याशिवाय पहिली गोळी द्यायची नाही. अंगात पावडर असताना दिली तर ही गोळी तिला हुसकावून लावते आणि एकदम जोराची तोड येते. म्हणून आदल्या संध्याकाळनंतर मंदारने काहीच घेतलं नव्हतं. रिक्षात तो शाल गुंडाळून बसला होता, नाक गळत होतं, एकामागून एक जांभया. ओपीडीत सिस्टरने नाडी मोजली, बाहुल्या बघितल्या, हातावरचा काटा बघितला, हाडं किती दुखतात ते विचारलं आणि एका तक्त्यावर प्रत्येकाचे गुण मांडून बेरीज केली. बेरीज पुरेशी आल्यावर मॅडमनी मान हलवली.

सिस्टरने दोन-दोन मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या खलात कुटून पूड केली. कुटतात ते यासाठी की कोणी गोळी गालात दडवून बाहेर नेऊ नये. मंदारला घोटभर पाणी देऊन तोंड ओलं करायला लावलं, पूड जिभेखाली टाकली आणि सांगितलं, "बोलना नहीं, निगलना नहीं." तो मान खाली घालून बसला. चव कडू असते, तोंडात लाळ जमते आणि ती गिळायची नाही. सिस्टर घड्याळ बघत समोर उभी. सात-आठ मिनिटांनी तिने बॅटरी लावून जिभेखाली बघितलं, सगळं विरघळलं होतं. तासाभराने त्याने शाल काढली. दुपारी त्याने कॅन्टीनचे पोहे मागितले. मी डब्यात आणलेली पोळी-भाजी विसरून त्याला दोन प्लेट पोहे दिले.

तीन-चार दिवसांत डोस बारा मिलिग्रॅमवर गेला आणि तिथेच स्थिर झाला. बद्धकोष्ठ आणि घाम हे दोन त्रास राहिले. इसबगोल आणि भरपूर पाणी यांवर भागलं. गोळी विरघळल्यावर पाण्याने चूळ भरायची आणि तासभर दात घासायचे नाहीत, हे आम्हाला उशिरा कळलं. दातांसाठी ते महत्त्वाचं आहे. झोपेच्या गोळ्या आणि दारू याच्याबरोबर अजिबात नाही, श्वास मंदावतो.

आता खर्चाचा खरा भाग. गोळी मोफत होती. पण पहिले कित्येक आठवडे ती रोज, समोर, दहा ते बाराच्या मधे घ्यायची होती. सुदामानगरहून रिक्षाने जाऊन-येऊन दोघांचे दीडशे-दोनशे. पहिल्या महिन्यातच साडेचार हजार झाले, मग आम्ही सिटी बस धरली. मंदारची नोकरी गेलीच होती. त्याला एकट्याला पाठवायची मॅडमनी सुरुवातीला परवानगी दिली नव्हती, म्हणून कधी बाबा, कधी मी. माझ्या रजा जूनपर्यंत संपल्या आणि पुढच्या अर्ध्या दिवसांचे पगार कापले गेले, साधारण चौदा हजार. बुडालेला त्याचा पगार तीन महिन्यांचा धरला तर तेहतीस हजार. तपासण्या, किट, बाहेरची औषधं मिळून दोन वर्षांत बारा हजारांच्या आत. म्हणजे औषधोपचाराला फार लागले नाहीत, हजेरीला लागले. घरात दोन कमावती माणसं आणि माझा समजूतदार मॅनेजर होता म्हणून आम्हाला ते पेललं. रोजंदारीवरच्या माणसाने दहा ते बारा रोज कुठून आणायचे? आमच्याबरोबर सुरू झालेली रंगकाम करणारी दोन मुलं महिन्याभरात दिसेनाशी झाली. त्यांना औषध नको होतं असं मला वाटत नाही. मार्गदर्शक तत्त्वांत स्थिर रुग्णाला घरी औषध देण्याची सोय आहे. तिचा वापर जरा लवकर, जरा विश्वासाने व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

जुलैपासून आम्हाला आठवड्याच्या गोळ्या घरी मिळू लागल्या, पुढे दोन आठवड्यांच्या. त्यासाठी घरच्या एकाची सही लागते. ती माझी आहे. गोळ्या माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. घरात लहान मूल असेल तर हे कुलूप हवंच, मुलाच्या तोंडात एक गोळी गेली तरी जिवावर बेतू शकतं.

पावसाळ्यात एकदा रुग्णालयात साठा संपला. चार दिवसांच्याच गोळ्या दिल्या आणि पुढचं सांगता येत नाही म्हणाले. ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, व्यसनमुक्तीची सोय असलेल्या ठिकाणाहूनच घ्यावी लागते. एका खाजगी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो: आठशे फी आणि गोळ्यांचे दिवसाला दीडशेच्या आसपास. तीन आठवडे तसं चाललं. सगळे उपचार खाजगीत केले असते तर महिन्याला पाच-साडेपाच हजार लागले असते. तरीही त्याच्या पुडीच्या निम्म्याहून कमी. तेव्हापासून पर्ची, डोस लिहिलेला कागद आणि तपासण्यांच्या प्रती मी एका फाइलमध्ये ठेवते. ती फाइल नसती तर खाजगी डॉक्टरांनी सगळं पहिल्यापासून करायला लावलं असतं.

मधे एकदा तो घसरला, २०२३ च्या नवरात्रात. जुना मित्र भेटला होता. मंदारने स्वतः मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, औषधही बंद केलं नाही. पुन्हा काही आठवडे आठवड्याच्या गोळ्यांवर आणलं आणि काउन्सेलरकडे बसवलं. जिथे घसरल्यावर हाकलून देतात तिथे नेऊ नका.

आता तो दुसऱ्या दुकानात आहे, साडेतेरा हजारांवर. डोस आठवर आला आहे. आणखी कमी करायची घाई मॅडमना नाही, मलाही नाही. बाबा दर महिन्याला विचारतात, आणि दर महिन्याला मंदारच त्यांना समजावतो.

गेल्या महिन्यात त्याची अक्कलदाढ काढावी लागली. दंतवैद्यांनी सवयीने ट्रामाडोल लिहून दिलं. तेही याच जातीचं औषध, २०१८ पासून एनडीपीएसखाली आलेलं. मंदारने पाकिटातली डोसची चिठ्ठी काढून दाखवली. त्यांनी मॅडमना फोन लावला आणि आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉलवर भागवलं. दाढेचे अडीच हजार, औषधांचे एकशे दहा. तुमच्या माणसाच्या पाकिटातही अशी चिठ्ठी ठेवा: औषधाचं नाव, डोस, डॉक्टरांचा नंबर. ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच दाखवा, आणि कोणी सांगितलं तरी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.